सरकारी नकाशावर नसलेला खानदेश

नरडाणा (जि. धुळे) – सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा हे स्थानक तसे छोटेखानी आहे. शिंदखेडा तालुक्यातील हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावरही येते. उत्तरेला तापी ओलांडली की शिरपूर, दक्षिणेला सोनगीर आणि त्यापुढे धुळे शहर. गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, महामार्गावरील वर्दळ वाढली. तरीही या स्थानकाचे खरे नाते आहे ते सुरतेशी. पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेले आणि सणावाराला गावी परतणारे प्रवासी येथे नेहमीच भेटतात. ‘तुम्ही कुठले?’ असे त्यांना विचारावे, तर ‘खानदेशचे’ हे उत्तर ठरलेले असते.

गंमत अशी, की खानदेश नावाचा जिल्हा आज अस्तित्वात नाही. त्या नावाचा महसूल विभाग नाही, लोकसभा मतदारसंघ नाही, विद्यापीठही नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात मोडतात. प्रादेशिक समतोलासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा विदर्भाला आणि मराठवाड्याला त्यांच्या नावाची मंडळे मिळाली. खानदेशचा समावेश मात्र ‘उर्वरित महाराष्ट्रा’त झाला. एप्रिल २०२० मध्ये त्या मंडळांची मुदत संपली. त्यापूर्वीची २६ वर्षे सरकारी भाषेत खानदेशची ओळख ‘उर्वरित’ अशीच राहिली. कागदोपत्री नसलेला हा प्रांत मग टिकून आहे तरी कशाच्या बळावर, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

थाळनेर ते बुऱ्हाणपूर

खानदेश या नावाची उकल अभ्यासकांनी वेगवेगळ्या प्रकारे केली आहे. कान्हाचा म्हणजे श्रीकृष्णाचा देश तो कान्हदेश, असे काही जण मानतात. देवगिरीच्या यादवांच्या सेऊणदेशाशी काही जण त्याचा संबंध जोडतात. गुजरातचा सुलतान अहमदशहा याने फारुकी राजांना ‘खान’ हा किताब दिला आणि त्यावरून खानांचा देश तो खानदेश, ही तिसरी उपपत्ती इतिहासाच्या पुस्तकांत अधिक आढळते.

या फारुकी घराण्याची पहिली राजधानी नरडाण्यापासून दूर नाही. तापी ओलांडून शिरपूर तालुक्यात गेले, की नदीच्या काठी थाळनेर लागते. दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक याने १३७० मध्ये मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंद हा परगणा दिला. पुढे १३८२ च्या सुमारास त्याने स्वतंत्रपणे राज्य करण्यास सुरुवात केली. त्याचा पुत्र नसीरखान याने असीरगड ताब्यात घेतला आणि तापीच्या काठी बुऱ्हाणपूर वसवले. दोन शतकांहून अधिक काळ हे राज्य गुजरात, माळवा आणि दख्खन या तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधोमध तग धरून होते. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडला, तेव्हा ते संपले. अकबराने आपला पुत्र दानियाल याच्या नावावरून या सुभ्याला ‘दानदेश’ असे नाव दिले होते. बादशहाचे हे नाव लोकांच्या तोंडी रुळले नाही. आज ते केवळ जुन्या दफ्तरांत सापडते. सत्तेने दिलेले नाव आणि लोकांनी राखलेले नाव यांतील फरक खानदेशला चारशे वर्षांपूर्वीच कळला होता, असे म्हणता येईल.

थाळनेरात फारुकी राजांच्या घुमटबंद कबरी अजूनही आहेत. किल्ल्याचा बराच भाग मात्र तापीने गिळला. या किल्ल्याच्या नावावर आणखी एक दुःखद प्रसंग नोंदला गेला आहे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशावरील आपला हक्क इंग्रजांना दिला. थाळनेरच्या किल्लेदाराने मात्र किल्ला सोडण्यास नकार दिला. फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने किल्ला घेतला, आतील शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले. त्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे खानदेशचा कारभार आला आणि धुळे हे मुख्य ठाणे झाले.

एका प्रांताचे चार तुकडे

इंग्रजी अमलातील खानदेश जिल्हा अवाढव्य होता. कारभाराच्या सोयीसाठी त्याचे लचके निघत गेले. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण झाला, तेव्हा मालेगाव, बागलाण, कळवण आणि नांदगाव हा मुलूख तिकडे गेला. १९०६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. निदान नावात तरी ‘खानदेश’ होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे जिल्हे आपापल्या मुख्य शहरांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि ते नावही सरकारी व्यवहारातून गेले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर तर केव्हाच प्रांताबाहेर गेली होती. ती आज मध्य प्रदेशात आहे.

या प्रदेशासाठी १९९० मध्ये जळगावात विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला ‘उत्तर महाराष्ट्र’ हे नाव मिळाले. २०१८ मध्ये त्या नावापुढे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव जोडले गेले. प्रदेशाचे नाव नाही, पण प्रदेशाच्या कन्येचे नाव तरी फलकावर आले, एवढेच समाधान.

कॅनडातील उलटी गोष्ट

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. खानदेशचे दोन तुकडे होण्याच्या एक वर्ष आधी, १ सप्टेंबर १९०५ रोजी, कॅनडात सस्कॅचेवान आणि अल्बर्टा असे दोन नवे प्रांत जन्मास आले. सस्कॅचेवान हे नाव तेथील मूळ रहिवासी असलेल्या क्री लोकांच्या भाषेतील आहे. वेगाने वाहणारी नदी, असा त्याचा अर्थ. ज्या नदीच्या नावावरून प्रांताचे नाव पडले, ती गव्हाच्या विस्तीर्ण मैदानातून वाहते.

या कोऱ्या करकरीत प्रांताने आपली ओळख पद्धतशीरपणे घडवली. १९४१ मध्ये तांबड्या लिलीला प्रांताचे फूल म्हणून मान्यता मिळाली. १९४५ मध्ये तेथील माळरानावरचा एक तित्तिरवर्गीय पक्षी प्रांताचा पक्षी ठरला. १९६९ मध्ये ध्वज निश्चित करण्यासाठी स्पर्धा घेण्यात आली, तीत चार हजारांहून अधिक नमुने आले. निवडलेल्या ध्वजावर वरचा हिरवा पट्टा उत्तरेकडील अरण्याचा, खालचा पिवळा पट्टा दक्षिणेकडील गव्हाच्या शेतांचा आणि कडेला ती तांबडी लिली. पुढे १९८६ मध्ये ब्रीदवाक्यही मिळाले. अनेक समाजांतून सामर्थ्य, असा त्याचा आशय. कॅनडाचा प्रत्येक प्रांत अशी प्रतीके बाळगून आहे. शाळेतील मुलांना ती शिकवली जातात. वाहनांच्या पाट्यांवर आणि सरकारी पत्रांवर ती दिसतात.

आपल्याकडेही राज्याची प्रतीके आहेत. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, आंबा हा राज्यवृक्ष आणि ताम्हण हे राज्यपुष्प. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे राज्यफुलपाखरू ठरले. २०२३ मध्ये राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीताचा दर्जा मिळाला. हे गीत साऱ्या मराठी माणसांप्रमाणे खानदेशी माणसाच्याही आवडीचे आहे. त्यात ज्या नद्यांची नावे येतात, त्यांत रेवा म्हणजे नर्मदा आहे, गोदावरी आहे, कृष्णा आणि कोयनाही आहेत, तापी नाही. कवीने काही नद्यांची जनगणना केली नव्हती, तेव्हा त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु खानदेश नजरेआड कसा राहतो, याचा हा एक बोलका नमुना आहे.

नियमाने नव्हे, नेमाने

मग खानदेशची प्रतीके कोणती? कोणत्याही अधिसूचनेत त्यांची यादी नाही. ती पाहायची, तर पंचांग हाती घ्यावे लागते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते. चौरंगावर मांडव सजतो. कुळात पिढ्यान् पिढ्या जपलेले नारळ दागिन्यांनी मढवून देवी म्हणून त्यावर स्थापिले जाते. भाऊबंदकी एरवी कितीही विस्कटलेली असो, कानबाईच्या रोटांसाठी सारे कुळ एकत्र येते. रात्र गाण्यांनी जागवली जाते आणि सोमवारी वाजतगाजत देवीला नदीवर नेऊन निरोप दिला जातो. नारळ मात्र घरी परत येते. पुढच्या श्रावणासाठी ते जपून ठेवायचे असते. या देवीचे मोठे संस्थान नाही की राज्यभर गाजणारी यात्रा नाही. तिचे घर म्हणजे कुळातील एखाद्याची पडवी किंवा शहरातील दोन खोल्यांचे बिऱ्हाड. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत, नाशकात, पुण्यात, कल्याणपासून अंबरनाथपर्यंत जेथे जेथे खानदेशी माणूस गेला, तेथे तेथे कानबाईही गेली.

दुसरे प्रतीक आखाजी. उर्वरित महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया हा सोने खरेदीचा मुहूर्त म्हणून ओळखला जातो. खानदेशात तो सासुरवाशिणींचा सण आहे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि गौराईची गाणी म्हटली जातात. पितरांच्या नावाने नवी घागर भरली जाते, सांजोऱ्या होतात आणि खापरावर पुरणपोळी भाजली जाते. मातीचे खापर चुलीवर पालथे घालून त्यावर हातावर विस्तारलेली, पातळ आणि परातीएवढी पोळी टाकायची, हे कसब ज्या बाईच्या हाती असते, तिला गावात वेगळाच मान असतो. शहरी पाहुण्यांना खानदेश म्हणजे शेवभाजी आणि वांग्याचे भरीत एवढेच ठाऊक असते. त्यांपैकी जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारदरबारी नोंद झालेल्या खानदेशच्या प्रतीकांपैकी ही दोन. पण त्यांवरही नाव आहे ते जळगावचे.

तिसरे प्रतीक डोळ्यांना सहसा दिसत नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी दगडी बंधारे बांधून पाटाने पाणी खेळवण्यात आले. ही फड पद्धत. बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या जमिनीचे मोठे विभाग पाडायचे, प्रत्येक विभाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिकांची पाळी फिरवायची. शेतकऱ्याची जमीन सहसा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे चांगल्या पाण्याचा लाभ आणि टंचाईची झळ दोन्ही सर्वांना वाटून मिळत. पाणी किती सोडायचे हे पंच ठरवत, पाटकरी ते शेतापर्यंत पोहोचवत आणि जागल्या पिकाची राखण करी. प्रत्येकाने पाट साफ करण्यासाठी हातभार लावायचा, हा दंडक. पाणीवाटप शेतकऱ्यांच्याच हाती असावे, असा कायदा महाराष्ट्राने २००५ मध्ये केला. खानदेशच्या नदीकाठांवर तो नियम त्याआधी कित्येक पिढ्या पाळला जात होता. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, नदीचा बारमाही प्रवाह आटला, तशी फडांची संख्या घटत गेली. काही ठिकाणी ही पद्धत तगून आहे. तिचा मान मात्र अभ्यासकांच्या निबंधांपलीकडे फारसा पोहोचलेला नाही.

दफ्तरखाना आणि ओवी

खानदेशला लिखित वारशाचीही उणीव नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला. त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचे जतन करण्यासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा केली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या तुरुंगातून निघालेली ‘गीता प्रवचने’ पुढे भारतातील अनेक भाषांत गेली. गुरुजींची शिक्षक म्हणून कर्मभूमी होती अमळनेर. याच गावात १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या औदार्यातून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, १९४५ मध्ये आजच्या विप्रोची वनस्पती तेलाची कंपनी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

आणि बहिणाबाई. १८८० मध्ये असोदे येथे जन्मलेल्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करताना तिने रचलेली गाणी कवी सोपानदेव चौधरी या तिच्या मुलाने आणि इतर आप्तांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये ती गेली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकरूपाने आली. तिची बोली अहिराणी आहे असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः ती जळगाव परिसरातील लेवा गणबोली आहे. खानदेशात बोली एक नाही, अनेक आहेत. भिल्ल, पावरा, मावची आणि कोकणा समाजांच्या भाषा त्यांत वेगळ्याच.

खरी कसोटी बोलीची

या साऱ्या बोलींत अहिराणीचा पसारा सर्वांत मोठा. नरडाण्याच्या बाजारात कान दिला, तर तिची खूण लगेच पटते. ‘आहे’ऐवजी ‘शे’, ‘माझा-तुझा’ऐवजी ‘मना-तुना’. मुलगा तो ‘आंडोर’, मुलगी ती ‘आंडेर’. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि केळी ‘केयी’ होते. तिची उठबस मराठीशी आणि गुजरातीशी सारखीच. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत १९०७ मध्ये खानदेशीचा समावेश भिल्ल भाषांच्या खंडात केला. मराठीच्या अभ्यासकांपैकी अनेक जण तिला मराठीची बोली मानतात.

जनगणनेत ‘खानदेशी’ अशी स्वतंत्र नोंद होते. म्हणजे सरकारी कागदात खानदेश हे नाव जेथे अजून शाबूत आहे, अशी ही एक जागा. त्या रकान्यातील आकडे मात्र विचार करायला लावणारे आहेत. २००१ मध्ये अहिराणी आणि तिच्या भगिनी बोली मिळून खानदेशी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे २० लाख ७५ हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १८ लाख ६० हजारांवर आली. दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे कमी झाली. त्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, खानदेशच्या जिल्ह्यांचीही वाढली. कमी झाली ती आपली मातृभाषा खानदेशी अशी नोंदवणारी माणसे. त्यांतील किती जणांनी ती बोलणे सोडले आणि किती जणांनी केवळ ‘मराठी’ असे लिहवून घेतले, हे आकड्यांवरून उमगत नाही. दोन्हींचा परिणाम कागदावर एकच होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा खानदेशातही आनंद झाला. त्या आनंदात बोलींचा वाटा किती, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.

सस्कॅचेवानची लिली सरकारी नियमाने प्रांताचे फूल झाली. उद्या तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, तरी पुस्तकात ती प्रांताचे फूल म्हणून राहील. खानदेशच्या प्रतीकांना ही सवलत नाही. ज्या श्रावणात कुळातील कोणी कानबाई बसवणार नाही, त्या श्रावणात त्या कुळाची कानबाई संपेल. खापरावरची पोळी, पाट साफ करण्याची पाळी, ‘मना-तुना’ची बोली यांचेही तसेच. लोकांनी वापरले म्हणून ही प्रतीके टिकली. त्यांचे राखणदार सरकारी नाहीत. घरातील माणसेच त्यांचे पाटकरी आणि जागल्ये आहेत.

खानदेशला ध्वज हवा की राज्यगीतात एखादी ओळ हवी, यावर वाद घालता येईल. त्याआधी एक साधी गोष्ट करण्याजोगी आहे. पुढील जनगणनेचा कर्मचारी दारात येईल आणि मातृभाषा विचारील, तेव्हा ज्यांच्या घरात अहिराणी बोलली जाते, त्यांनी ती संकोच न करता नोंदवावी. मराठीचा अभिमान त्याने उणावत नाही.

नरडाण्याच्या फलाटावर सुरतेच्या गाडीची वाट पाहत एक आजीबाई नातवाशी बोलत होत्या. त्यांचा प्रत्येक प्रश्न अहिराणीत होता. नातवाचे प्रत्येक उत्तर शाळेतल्या मराठीत. मुलाला सारे समजत होते, हे उघड होते. गाडी आली तशी आजीबाईंनी घाईघाईने काहीतरी विचारले. नातू पिशवी उचलत म्हणाला, ‘शे ना!’ खानदेश अजून आहे तो एवढ्यातच.